शिखराच्या पलीकडचं शेपूट कोण मोजणार?

कार्बन आयन थेरपी म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या कार्बनच्या अणूंचा वेगवान झोत, ज्याला बीम म्हणतात, कॅन्सरच्या गाठीवर मारून करायचा उपचार. तिच्याबद्दलचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, त्यात एक आलेख असतोच असतो. आडवी शरीरातली खोली, उभा डोस. एक्स-रेची रेघ कातडीच्या जरा आत गेल्यावर सगळ्यात वर असते आणि मग हळूहळू उतरत दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, आयनची रेघ मात्र आधी खालून खालून जाते, गाठीपाशी एकदम उसळी मारते आणि तिथेच धाडकन शून्यावर येते. खाली लिहिलेलं असतं की गाठीच्या पलीकडे रेडिएशन जात नाही. हे चित्र बघून पेशंटला आणि घरच्यांना धीर येतो, आणि यायलाच हवा, कारण बऱ्याच अंशी ते खरंच आहे. पण कार्बनच्या बाबतीत ती रेघ शून्यावर येत नाही. शिखराच्या पलीकडे एक बुटकं, लांबलचक शेपूट असतं, कित्येक सेंटिमीटर जाणारं, आणि चित्र काढणाऱ्याने ते पुसून टाकलेलं असतं.

मी गेली काही वर्षं त्या शेपटावरच काम करतेय, म्हणजे ते कशाचं बनलंय, त्यात कोणते कण किती आहेत, कुठल्या कोनात आणि किती वेगाने जातायत, हे मोजायचं काम. आणि जितकं करत जाते तितकं एक मत पक्कं होत चाललंय की हे मोजमाप सध्या जसं चाललंय, म्हणजे कुणा फिजिक्सवाल्यांच्या गटाला ग्रँट मिळाली, चार रात्री बीम मिळाला, तर करायचं, तसं ते चालता कामा नये. लोकांच्या पैशातून आयन थेरपीचं सेंटर उभं राहत असेल तर तिथे दर वर्षी काही तास या तुकड्यांच्या मोजमापासाठी राखून ठेवणं ही अट असावी, आणि मोजलेले आकडे सगळ्यांना खुले असावेत, हीसुद्धा अटच असावी. विनंती नाही, अट.

आधी तुकडे कुठून येतात ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

कार्बनच्या न्यूक्लियसमध्ये सहा प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन. खोलवरच्या गाठीसाठी हे न्यूक्लियस प्रकाशाच्या साधारण ७० टक्के वेगाने शरीरात शिरतं. वाटेत बहुतेक वेळ ते आसपासच्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत जातं, त्यात ते मोडत नाही, नुसतं मंदावतं, आणि जितकं मंदावेल तितका जास्त डोस टाकत जातं, म्हणून थांबता थांबता ते शिखर येतं, ज्याला ब्रॅग पीक म्हणतात. पण कधीतरी ते समोरच्या ऑक्सिजनच्या किंवा कार्बनच्या न्यूक्लियसला थेट घासतं किंवा आदळतं, आणि मग ते फुटतं. बोरॉन निघतो, बेरिलियम निघतो, लिथियम, हेलियम, प्रोटॉन, सुटे न्यूट्रॉन. कधी फक्त एक न्यूट्रॉन गळतो आणि कार्बन-११ उरतो. हे 'कधीतरी' किती वेळा होतं असं वाटतं? दर न्यूक्लिऑनमागे, म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे, २०० एमईव्ही (हे ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा कार्बन पाण्यात साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि तेवढ्यात साधारण ३० टक्के आयन फुटलेले असतात. ४०० एमईव्हीचा कार्बन २७-२८ सेंटिमीटर जातो, आणि तिथे पोचेपर्यंत जवळजवळ ७० टक्के फुटलेले असतात. म्हणजे शंभर पाठवले आणि तीसच कार्बन म्हणून शिखरापर्यंत पोचले. हे आकडे जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत पाण्याच्या थराची जाडी बदलत बदलत प्रत्यक्ष मोजलेले आहेत, अंदाज नव्हेत.

आता फुटलेला तुकडा थांबत का नाही? तर तो जवळजवळ मूळ आयनच्याच वेगाने पुढे निघतो, पण त्याचा चार्ज कमी असतो, म्हणून त्याला ब्रेक कमी लागतो. सारख्याच वेगाच्या कणांची पोच वस्तुमान भागिले चार्जचा वर्ग या हिशोबाने जाते. कार्बनसाठी १२ भागिले ३६, म्हणजे एक तृतीयांश. हेलियमसाठी ४ भागिले ४, म्हणजे एक. म्हणून कार्बन गाठीच्या ५ सेंटिमीटर अलीकडे फुटला असेल तर त्यातून निघालेला हेलियम तिथून १५ सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे गाठीच्या १० सेंटिमीटर पलीकडे. बोरॉन-११ फार तर दीडेक सेंटिमीटर पुढे जाईल. शिवाय हलके तुकडे बाजूला फाकतात, प्रोटॉन तर बरेच, त्यामुळे शेपूट नुसतं लांब नसतं, पसरटही असतं. आणि गाठीच्या पलीकडे काय असतं ते गाठीवर अवलंबून. कवटीच्या तळाशी कॉर्डोमा नावाची गाठ असेल तर अगदी लागून ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा बुंधा, असतो.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, कारण असे लेख वाचून लोक उगाच घाबरतात. हे शेपूट डॉक्टरांपासून लपलेलं नाही. प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये ते धरलेलं असतं, बीमची दिशा ठरवतानाही विचारात घेतात. जपानमधल्या चिबाच्या हायमॅक यंत्रावर १९९४ पासून, जीएसआयमध्ये १९९७ ते २००८ या काळात सुमारे ४४० जणांवर, नंतर जर्मनीतलं हायडेलबर्ग, इटलीतलं पाविया, ऑस्ट्रियातलं व्हीनर नॉयश्टाट, असं करत आजवर हजारो लोकांवर कार्बनने उपचार झालेत, आणि ज्या गाठी साध्या रेडिएशनला दाद देत नाहीत अशांमध्ये चांगले झालेत. कुणाचे उपचार चालू असतील तर हा लेख वाचून ते थांबवायचं काहीही कारण नाही. माझं भांडण उपचाराशी नाहीच, उपचाराच्या पायाशी जे आकडे आहेत त्यांची किती कमी काळजी घेतली जाते त्याच्याशी आहे.

तुकड्यांनी या उपचाराचा इतिहाससुद्धा घडवलाय, हे फार लोकांना माहीत नसतं. वेगवान प्रोटॉन उपचारासाठी वापरता येतील असं रॉबर्ट विल्सनने १९४६ मध्ये लिहिलं, अमेरिकेत बर्कलीत १९५४ मध्ये पहिल्या पेशंटना प्रोटॉन दिले गेले, मग हेलियम, आणि १९७५ पासून तिथल्याच बेवालॅक यंत्रावर जड आयन, मुख्यतः निऑन. निऑन निवडला कारण जितका जड आयन तितका तो गाठीतल्या चिवट पेशींवर भारी पडतो अशी कल्पना होती. ते काही चूक नव्हतं. पण निऑन वाटेत कार्बनपेक्षाही जास्त फुटतो, त्याचं शेपूट मोठं, आणि गाठीच्या अलीकडच्या चांगल्या पेशींनाही तो जास्त मारतो. ४३३ पेशंटना निऑन दिल्यावर १९९२-९३ मध्ये ते सगळं बंद झालं. पुढे जपान आणि जर्मनी दोघांनीही कार्बन घेतला, आणि त्यामागे बाकी कारणांबरोबर हेही एक होतं की कार्बनचं फुटणं सोसण्यासारखं आहे. म्हणजे कुठला आयन पेशंटला द्यायचा हा निर्णयसुद्धा तुकड्यांच्या हिशोबावर उभा आहे, आणि त्या हिशोबालाच आपण दुय्यम काम समजतो.

आता मुख्य मुद्दा. दर सेंटरमध्ये बीम रोज तपासतात, पाण्याच्या टाकीत आयनायझेशन चेंबर बुडवून कुठल्या खोलीला किती डोस हे फार बारकाईने मोजतात, एखाद-दोन टक्क्यांच्या आत. मग लोक विचारतात की डोस इतका अचूक मोजताय तर तुकडे वेगळे कशाला मोजायचे. कारण चेंबर फक्त बेरीज सांगतो. किराणाच्या बिलाची बेरीज बरोबर आली म्हणजे आतला प्रत्येक आयटम बरोबर लागला असं होत नाही, तसंच आहे हे. थोडा बोरॉन जास्त आणि थोडा हेलियम कमी असेल तरी बेरीज तीच येऊ शकते. पण पेशीला बेरजेशी देणंघेणं नाही. तेवढाच डोस बोरॉनने दिला तर डीएनएचं होणारं नुकसान वेगळं, प्रोटॉनने दिला तर वेगळं. म्हणूनच कार्बनचा डोस नुसत्या ग्रेमध्ये, म्हणजे डोसच्या नेहमीच्या एककात, सांगत नाहीत, जैविक परिणामाने गुणून सांगतात, आणि तो गुणक काढणारी मॉडेल्स, युरोपात एक आणि जपानात दुसरं, दोन्ही आधी एकच विचारतात: या ठिकाणी कुठले कण, किती, कुठल्या ऊर्जेचे? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी मोजमापातून येत नाही, सिम्युलेशनमधून येतं. हायडेलबर्ग आणि पावियामध्ये त्यासाठी फ्लूका नावाचा प्रोग्रॅम वापरला गेला. उत्तम प्रोग्रॅम आहे, मीही रोज वापरते. पण दोन न्यूक्लियस आदळल्यावर नेमकं काय फुटून निघेल हे पहिल्या तत्त्वांपासून गणित करून कुणालाच सांगता येत नाही. ही सगळी मॉडेल्स मोजलेल्या आकड्यांना जुळवून घेतलेली असतात. जिथे मोजलेलं नाही तिथे ती अंदाज करतात.

आणि अंदाज चुकतात. फ्रान्समधल्या गॅनिल प्रयोगशाळेत ९५ एमईव्हीच्या कार्बनवर झालेल्या मोजमापाशी जीआंट-४ या दुसऱ्या सिम्युलेशन प्रोग्रॅममधली वेगवेगळी मॉडेल्स ताडून बघितली तेव्हा हेच दिसलं, की एकाला कोन जमतो तर ऊर्जा जमत नाही, दुसऱ्याला प्रोटॉन जमतात तर जड तुकडे जमत नाहीत, सगळं एकदम कुणालाच जमलं नाही. त्या गटाने आकडे वेबसाइटवर सगळ्यांसाठी ठेवले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे, का ते पुढे सांगते.

प्रोटॉन थेरपीवाले इथे म्हणतील की आमचं बरं आहे, प्रोटॉन काय फुटणार. प्रोटॉन नाही फुटत, पण तो ज्याच्यावर आदळतो ते फुटतं. शरीरातला ऑक्सिजन, कार्बन. त्यांचे तुकडे जागच्या जागी फुटून काही मायक्रॉन, फार तर काही दहा मायक्रॉन जाऊन थांबतात, म्हणजे एखाद-दोन पेशींची लांबी, पण तेवढ्यात सगळी ऊर्जा तिथेच ओततात. क्लिनिकमध्ये प्रोटॉनचा जैविक गुणक सरसकट १.१ धरतात, कातडीपाशीही १.१ आणि गाठीतही १.१. आता अंदाज असा आहे की बीम जिथून शिरतो त्या वाटेवरच्या जैविक परिणामातला दहा टक्क्यांच्या आसपासचा वाटा या तुकड्यांचा असावा, आणि ती वाट म्हणजे निरोगी भाग. लहान मुलांना प्रोटॉन देतात ते नेमकं याचसाठी ना, की निरोगी भागाला कमी लागावं आणि पुढे पन्नास-साठ वर्षांत दुसरा कॅन्सर उद्भवू नये? मग त्या वाटेवर काय घडतं ते नीट मोजायला नको?

पण मोजायचं कसं हीच अडचण. तुकडा दहा मायक्रॉनमध्ये थांबतो, तो टार्गेटच्या बाहेरच येत नाही तर डिटेक्टरला काय दिसणार. त्यावर काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. गाडी झाडावर आदळली काय आणि झाड गाडीवर आदळलं काय, आदळणं तेच. म्हणून प्रोटॉन ऑक्सिजनवर मारण्याऐवजी ऑक्सिजनच वेगाने हायड्रोजनवर मारायचा. मग तुकडे पुढच्या दिशेने सुसाट बाहेर येतात, मोजता येतात, आणि नंतर गणिताने सगळं उलटं फिरवून घ्यायचं. आता नुसत्या हायड्रोजनचं टार्गेट करायचं म्हणजे एकतर स्फोटक गॅस नाहीतर उणे अडीचशे डिग्रीचा द्रव, म्हणून पॉलिथिन वापरतात, ज्यात दर कार्बनमागे दोन हायड्रोजन असतात. एकदा पॉलिथिनवर मोजायचं, एकदा नुसत्या कार्बनवर, आणि वजाबाकी. इटलीच्या आयएनएफएन संस्थेचा फूट नावाचा प्रयोग हेच करतो.

वजाबाकी ऐकायला सोपी वाटते. समजा एकीकडे १०० आले आणि दुसरीकडे ८०, दोन्ही एक-एक टक्का अचूक. उरले २०, आणि त्या २० वरची चूक निघते सहा टक्क्यांच्या पुढे. म्हणजे मूळ मोजमाप एक टक्क्याला नेऊनसुद्धा हाताशी सहा टक्के लागतात. पाच टक्क्यांच्या आत यायचं तर अजून बीम हवा, अजून तास हवेत. गोष्ट शेवटी तासांवरच येते.

एका रात्रीचं सांगते. पेशंटचं काम संपल्यावर रात्री आम्हाला बीम मिळाला होता, सकाळी बीमची रोजची तपासणी करणारे क्यूएवाले येईपर्यंत. स्क्रीनवर एक चित्र हळूहळू भरत होतं, प्रत्येक तुकड्याचा एक ठिपका, आडवा त्याला लागलेला वेळ आणि उभी त्याने पातळ डिटेक्टरमध्ये टाकलेली ऊर्जा. दोन मीटर अंतर कापायला या कणांना जेमतेम बारा नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे वेळ एका नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजावा लागतो. टाकलेली ऊर्जा चार्जच्या वर्गाने वाढते, प्रोटॉन १, हेलियम ४, लिथियम ९, बेरिलियम १६, बोरॉन २५, म्हणून एकाखाली एक असे वेगळे वाकडे पट्टे उमटतात, आणि ते पहिल्यांदा उमटताना बघणं हा फार सुंदर अनुभव असतो. त्या रात्री लिथियमचा पट्टा जाड दिसत होता. खालच्या बाजूने पसरल्यासारखा. मॉडेलपेक्षा लिथियम बराच जास्त निघतोय असं वाटलं आणि तासभर आम्ही खुश होतो. मग आमच्यातल्याच एकीच्या लक्षात आलं की हे लिथियम नाहीच. कार्बन फुटून बेरिलियम-८ निघतो, तो टिकतच नाही, लगेच दोन हेलियममध्ये तुटतो, आणि ते दोघं जवळजवळ चिकटूनच उडतात आणि डिटेक्टरच्या एकाच पट्टीत घुसतात. चार अधिक चार आठ. लिथियम नऊ. डिटेक्टरला आठ आणि नऊमध्ये फारसा फरक कळत नाही, म्हणून दोन हेलियम एक लिथियम म्हणून मोजले जात होते. पुढच्या सिलिकॉन पिक्सेलच्या थरांमध्ये जाऊन दोन वेगवेगळ्या रेघा शोधल्या तेव्हा पट्टा सडपातळ झाला.

हे एवढ्यासाठी सांगितलं की 'तुकडे मोजले' या दोन शब्दांमागे काय असतं ते कळावं. एकच डिटेक्टर लावून, एका रात्रीत, हे होत नाही. वेळ वेगळा मोजायचा, चुंबकात कण किती वळला ते वेगळं मोजायचं, शेवटी क्रिस्टलमध्ये थांबवून पूर्ण ऊर्जा वेगळी मोजायची, आणि तिन्ही एकमेकांशी ताडून मगच म्हणायचं की हा कार्बन-११ होता, कार्बन-१२ नव्हे. मोठ्या कोनात फाकणाऱ्या हलक्या तुकड्यांसाठी तर अजूनही जुन्या पद्धतीच्या फोटोग्राफिक इमल्शनच्या फिल्म्स लावतात, अंधाऱ्या खोलीत डेव्हलप करतात आणि मायक्रोस्कोपखाली रेघ न् रेघ मोजतात. याला माणसं लागतात, अनेक वर्षं टिकणारी माणसं, दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आलेला पोस्टडॉक नव्हे, जो इमल्शन स्कॅन होईपर्यंत दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो.

आणि आता डेटाचं. मागे मला एका विशिष्ट ऊर्जेचे हेलियमचे कोनानुसार आकडे हवे होते. एका जुन्या पेपरमध्ये ते होते, पण फक्त आलेखात, तक्ता नाही. लेखकांना मेल केली. उत्तर आलं, सभ्य आणि मनापासून आलेलं, की ज्या विद्यार्थ्याने अॅनालिसिस केलं तो कधीच सोडून गेला आणि त्याच्या डिस्कचं पुढे काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. मग मी काय केलं, तर त्या आलेखाची स्कॅन केलेली प्रत मोठी करून एकेका ठिपक्यावर माउस ठेवून आकडे काढले. त्यातले काही एरर बार ठिपक्यापेक्षा लहान होते, म्हणजे दिसतच नव्हते. उभा अक्ष लॉगरिदमिक, त्यामुळे माउस एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की आकडा काही टक्क्यांनी बदलायचा. कुणीतरी रात्री जागून, सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या यंत्रावर, इतक्या कष्टाने मोजलेला आकडा मी माउसने अंदाजे उचलत होते. मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

अणुभट्ट्यांच्या बाबतीत असं होत नाही. न्यूट्रॉन युरेनियमवर आदळला की काय होतं याचे आकडे अर्धशतकाहून जास्त काळ पद्धतशीर गोळा केले जातायत, एक्सफोर नावाचा आंतरराष्ट्रीय साठा आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था त्याचं समन्वयन करते, आकडे तपासणारी, एकमेकांशी ताडणारी, चुका शोधणारी पगारी माणसं आहेत. कारण तिथे कुणीही म्हणणार नाही की भट्टी चालतेय ना, मग आकडे कशाला हवेत. त्याच साठ्यात थेरपीच्या ऊर्जेचे, थेरपीच्या टार्गेटचे, कोन आणि ऊर्जा दोन्ही धरून मोजलेले आयनचे आकडे शोधायला जा, मोकळ्या जागाच जास्त सापडतात. भट्टीसाठी जे सरकारांनी केलं ते पेशंटसाठी का करू नये, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मिळतात ती उत्तरं अशी. एक म्हणजे बीम पेशंटसाठी आहे, प्रयोगासाठी नाही. मान्य, शंभर टक्के मान्य, एकही पेशंट मागे ढकलून मोजमाप करू नये. पण रात्री आणि शनिवार-रविवारी पेशंट नसतात. हायमॅक सुरुवातीपासून दिवसा पेशंट आणि रात्री-वीकेंडला संशोधन असंच चाललं. पावियाच्या सेंटरने प्रयोगासाठी स्वतंत्र खोली बांधली, व्हीनर नॉयश्टाटला तर ती सुरुवातीपासूनच नकाशात होती. जमतं, फक्त ते पहिल्या दिवसापासून ठरवावं लागतं, नंतर भिंत फोडून प्रयोगाची खोली काढणं फार अवघड असतं.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि ते मी हलकं घेत नाही. लोक म्हणतात की जीवशास्त्रातली अनिश्चितता फिजिक्सपेक्षा खूप मोठी आहे, एखादी गाठ कार्बनला किती दाद देईल यातच इतका फरक पडतो की तुकड्यांचे पाच-दहा टक्के त्यात बुडून जातात. अनिश्चितता मोठी आहे हे खरंच. एकाच गाठीला जपानी मॉडेलने सांगितलेला डोस आणि युरोपियन मॉडेलने सांगितलेला डोस यांचे आकडे थेट ताडता येत नाहीत, आधी एकातून दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं. पण यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. दोन्ही मॉडेल्सना तुकड्यांचा हिशोब आत घालावा लागतो, आणि तोच डळमळीत असेल तर निकाल चुकल्यावर दोष जीवशास्त्राचा की फिजिक्सचा हे कधीच कळणार नाही. जी बाजू मोजून पक्की करता येते ती आधी पक्की करा, म्हणजे उरलेला गोंधळ कुणाचा ते तरी कळेल. जीवशास्त्र मोजायला दशकं लागतील, तुकडे मोजायला तितकी लागत नाहीत.

शिवाय तुकडे म्हणजे नुसता त्रास नव्हे, ते खबरही देतात. कार्बन-११ पॉझिट्रॉन सोडतो, त्याचं अर्धायुष्य वीस मिनिटं, म्हणून जीएसआयमध्ये उपचार चालू असतानाच पॉझिट्रॉनची खूण टिपणाऱ्या पेट स्कॅनने बघायचे की बीम खरंच ठरल्या जागी थांबला का. बाजूला फाकून शरीराबाहेर पडणारे प्रोटॉन पकडूनही तेच बघायचं काम पावियात झालंय. पण पेटचं चित्र बघून बीम दोन मिलिमीटर पुढे गेला असं म्हणायचं तर आधी ठाऊक हवं की नेमक्या जागी थांबला असता तर किती कार्बन-११ दिसायला हवा होता, म्हणजे फिरून तोच आकडा.

माझी मागणी काही फार मोठी नाही. हायडेलबर्गची फिरती गँट्री, म्हणजे पेशंटभोवती बीम फिरवणारा सांगाडा, ६७० टनांची आहे, एवढं लोखंड मिलिमीटरच्या आत फिरवायला आपण तयार असतो. त्या तुलनेत वर्षाला शंभर-दीडशे तास बीम, चार-पाच कायम नोकरीतली माणसं आणि आकडे ठेवायला एक सर्व्हर, हा खर्च किरकोळ आहे. सार्वजनिक पैसा मंजूर करतानाच हे करारात लिहा. मोजमाप झाल्यावर ठरलेल्या मुदतीत, समजा दोन वर्षांत, आकडे तक्त्याच्या रूपात, एररसकट, डिटेक्टर कसा लावला होता त्या तपशिलासकट बाहेर आले पाहिजेत, आणि प्लॅनिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनेही आपण कुठले तुकड्यांचे आकडे आत घातलेत ते हॉस्पिटलच्या फिजिसिस्टला दाखवलं पाहिजे. कंपनीचं गुपित वगैरे इथे चालू नये, कारण न्यूक्लियस कसं फुटतं हे कुणाच्या मालकीचं नाही.

आणि घाई यासाठी आहे की यादी वाढतेय. हायडेलबर्गने २०२१ मध्ये आधुनिक स्कॅनिंग पद्धतीने पहिल्या पेशंटला हेलियम दिला, तो कमी फुटतो, पण फुटतोच, आणि त्याचे आकडे कार्बनपेक्षाही विरळ होते म्हणून त्यांना आधी स्वतः मोजत बसावं लागलं. ऑक्सिजन कमी असलेल्या चिवट गाठींसाठी आता ऑक्सिजन आयनचं नाव घेतलं जातंय. ऑक्सिजन कार्बनपेक्षा जड, त्याचं शेपूट जास्त भरलेलं, आणि त्यातून निघणारे तुकडे कार्बनपासून खाली प्रोटॉनपर्यंत सगळे. त्याचा पहिला पेशंट टेबलवर झोपायच्या आधी, पाण्यात आणि हाडासारख्या मटेरियलमध्ये, कमीत कमी तीन-चार ऊर्जांना, लहान आणि मोठ्या दोन्ही कोनांमध्ये हे सगळं मोजून तक्त्यात आलेलं असावं.